सिनेमातले आत्याचे हात

परवा वर्ध्याला एका लग्नाला गेले होते. मंगल कार्यालय मोठं झकास. झुंबरं काय, खुर्च्यांना बांधलेल्या फिती काय! पंगतीत माझ्या शेजारच्या लहान मुलीच्या हातून बुंदीचा लाडू सुटला आणि गडगडत निघाला. निघाला तो थेट स्टेजच्या दिशेने. सगळे हसले, मी मात्र पाहतच राहिले. सपाट जमिनीवरून लाडू असा पळेल कशाला? पायाखालची फरशी चपलेने चाचपली, तर उतार! आणि हातातला घास तसाच धरून मी अशी काही बसले की पलीकडची बाई म्हणाली, ‘‘बरं वाटत नाही का मावशी?’’

अगं, बरं वाटत नाही काय! मी माझ्या टॉकीजमध्ये बसले होते! छत बदललं, भिंती गुलाबी केल्या, दरवाजा पुढचा मागे नेला. पण उतार कोणाला काढता आला नाही. जिथे नवरानवरी अक्षतांनी पिवळे होऊन उभे होते, तिथे पडदा होता. जिथे वाढपी वरण वाढत फिरत होते, तिथे डाव्या हाताला बायकांचे बाक आणि उजवीकडे पुरुषांचे. मध्ये कमरेएवढा लाकडी कठडा. मी जेवण अर्धं टाकून डावीकडे जाऊन उभी राहिले. नाकात एकदम सरकीचा तेलकट वास भरला. टॉकीजच्या मागे तेव्हा जिनिंगचा कारखाना होता आणि कापसाच्या दिवसांत सिनेमातल्या प्रत्येक गाण्याला त्याच्या इंजिनाचा ठेका असायचा. त्या वासात संत्र्यांच्या सालींचा वास, बिड्यांचा, भिजल्या सुपारीचा, बायकांच्या डोक्यांतल्या खोबरेल तेलाचा. हा सगळा मिळून जो एक वास व्हायचा, त्याला माझ्या लेखी एकच नाव आहे. सिनेमा.

पुढे त्या टॉकीजमध्ये मी शेकडो सिनेमे पाहिले. चांगले, नीटनेटके, रडवणारे, हसवणारे. त्यांतले बहुतेक विसरले. विसरले नाही तो एकच, आणि तो पडलेला सिनेमा होता. त्याचं नाव सांगत नाही. सांगून उपयोग नाही, कोणाला आठवणार नाही. आणि ज्याला आठवेल तो हसेल. मला त्या सिनेमाला हसलेलं चालत नाही. स्वतः मी त्याला पोटभर हसले आहे, ती गोष्ट वेगळी.

पन्नासनंतरची ती वर्षं. आमचं गाव देवळीपासून दोन कोसांवर. गावात कताई केंद्र होतं आणि माझे बाबा ते चालवत. त्यांना सगळे गुरुजी म्हणत. पहाटे प्रार्थना झाली की चाळीस चरखे एकदम सुरू व्हायचे. तो आवाज ज्याने ऐकला नाही त्याला सांगता येणार नाही. घरघर म्हणावी तर फार मऊ, गुणगुण म्हणावी तर फार दमदार. कापसाचा भुरका हवेत तरंगायचा, केसांत बसायचा, आणि सकाळचं ऊन खिडकीतून आत आलं की आम्ही सगळ्या पोरी म्हाताऱ्या दिसायचो. ताज्या पेळवांना एक वास असतो. पिंजलेला कापूस वळून केलेली ती बोटाएवढी मऊ सुरळी मी नाकाला लावून बसायची आणि आत्या ओरडायची, ‘‘हुंगून सूत निंगत नसते वं, कात!’’

ही सुभद्रा आत्या, बाबांची धाकटी बहीण. लग्नानंतर दोनच वर्षांनी ती माहेरी परत आली ती कायमची. का आली, ते घरात कोणी बोललं नाही आणि मीही विचारलं नाही. माझी आई मी लहान असतानाच गेली, म्हणून मला वाढवलं आत्यानेच. तिचं म्हणावं असं जगात काही नव्हतं. घर भावाचं, पोरगी भावाची. तिचा होता तो चरखा, आणि केंद्रात नव्या बायकांना सूत शिकवायचं काम. पहाटे केंद्राच्या पायऱ्या चढताना तिची पाठ जी ताठ व्हायची, ती घरी परतेपर्यंत तशीच असायची. तिच्या डाव्या मनगटावर विंचू गोंदलेला होता आणि अंगठ्याच्या मुळाशी तीन हिरवे ठिपके. त्या हाताची तार इतकी बारीक आणि सारखी यायची की बाबा तिचं सूत पाहुण्यांना दाखवायचे. तिला मात्र कधी चांगलं म्हणायचे नाहीत. घरच्या माणसाचं कौतुक म्हणजे त्यांच्या मते गर्वाला खतपाणी.

त्या पौषात गावावर वीज पडावी तशी बातमी पडली. मालगुजाराच्या संत्र्याच्या बागेत मुंबईचे सिनेमावाले येणार! चार दिवस शूटिंग करणार! पऱ्हाटीवरचा कापूस वेचणाऱ्या बायांचे हात थांबले, आणि उकडायला ठेवलेल्या तुरीच्या शेंगा चुलीवर करपल्या. त्या आठवड्यात गावात एका घरी धड स्वयंपाक झाला असेल तर शपथ. मी तेरा वर्षांची होते. मला तर ताप आल्यासारखं वाटत होतं.

आणि मग सकाळच्या प्रार्थनेनंतर बाबा उभे राहिले.

‘‘बागेत सिनेमावाले येऊन राह्यले,’’ ते म्हणाले. ‘‘चरखा घेऊन बसणाऱ्या बाया पाहिजेत म्हणून माह्याकडे निरोप आलता. मी नाई म्हणून सांगतलं. चरखा म्हणजे तमाशा नोहे. केंद्रातलं जे कोणी तिकडं फिरकन, त्याचा चरखा केंद्रात राहणार नाई. मंग ते कोणीही असो.’’

‘कोणीही असो’ म्हणताना त्यांनी आमच्या बाजूला पाहिलं. बाबा नियम करत तो आधी स्वतःच्या घराला लावत, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. माझ्यामागे बसलेली कौतिकाबाई पुटपुटली, ‘‘झालं! ताटात वाढलं अन् जेवू नोको म्हणते.’’ कौतिकाबाई आदल्या दसऱ्याला नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती, आणि तेव्हापासून ती कोणापुढे वाकून बोलत नसे. केंद्रातला सगळ्यात मोठा आवाज तिचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी आणि आत्या शेतातून तुरीच्या शेंगा घेऊन येत होतो. रस्ता बागेच्या कुंपणावरून जातो, त्याला आम्ही काय करणार? आत्या खाली मान घालून चालत होती. मी काट्यांच्या फटीला डोळा लावला आणि ओरडलेच, ‘‘आत्या, हिरोईन! चरखा घेऊन बसली!’’

आत्याने एकदाच पाहिलं. तेवढं पुरलं.

झाडाखाली चटईवर ती गोरीपान बाई बसली होती. चांदीसारखे चमकणारे पत्रे धरून माणसं तिच्यावर ऊन पाडत होती. किती सुंदर दिसत होती ती! पण चाक फिरवत होती उलटं. चरख्याचं चाक उलटं फिरलं की सुताचा पीळ उलगडतो; काढलेली तार विरघळून पुन्हा कापूस होते. आत्या जागीच खिळली.

‘‘उलटं फिरवून राह्यली ना ते,’’ ती म्हणाली.

‘‘चल ना आत्या, बाबांनी पाह्यलं तर?’’

‘‘थांब वं. पुरा पीळ उलगडून राह्यला. असं कोणी करते काय?’’

आणि तिने शेंगांची टोपली माझ्या हातात दिली, पदर खोचला, आणि बाभळीच्या कुंपणातून सरळ आत! लुगडं टर्रकन फाटलं, तिचं लक्ष नाही. पत्रे धरलेली माणसं बाजूला झाली. आत्या हिरोईनसमोर जाऊन उभी राहिली आणि शाळेतल्या पोरीला सांगावं तसं म्हणाली, ‘‘बाई, सरक.’’

हिरोईन सरकली! माझ्या डोळ्यांनी पाहिलं मी, ती सरकली! आत्या बसली, चाकावरची दोरीची माळ सारखी केली, पेळू धरला, आणि चाक फिरवलं. डावा हात मागे मागे जात राहिला आणि हवेतून काढावी तशी तार निघत राहिली.

‘‘ये कौन है?’’ डायरेक्टर ओरडत आला. काटकुळा माणूस, डोक्यावर उन्हाची टोपी, शर्टाची बटणं खालीवर लागलेली. आला तो ओरडत, पण दोन पावलांवर थांबला. मग चटईशेजारी मातीत बसला. मान वाकवून तार पाहत राहिला. शेवटी हळूच म्हणाला, ‘‘बहनजी, आपके हाथ चाहिए मुझे. सिर्फ हाथ.’’

सिनेमातला हिरो मरतो, तेव्हा घरी हिरोईन सूत कातत असते आणि तार तुटते. हे त्याला दाखवायचं होतं. नुसते हात, तार, आणि तुटणं. कॅमेरा आत्याच्या हाताजवळ आणला. मी शेंगांची टोपली घट्ट धरून उभी होते.

‘‘अब तोड़िए!’’

‘‘माही तार तुटत नाई,’’ आत्या म्हणाली. ती बढाई नव्हती, माहिती होती.

मग तिला मुद्दाम तोडायला सांगितलं. तिने तोडली. आणि डायरेक्टर ‘कट’ म्हणायच्या आत तिच्या बोटांनी तुटलेलं टोक पेळूच्या तोंडाशी नेलं, चिमटीत धरलं, चाक अर्धं फिरवलं, पीळ चढला, आणि सूत पुढे सुरू!

‘‘नहीं नहीं, जोड़ना नहीं है! टूटा तो टूटा!’’

‘‘बरं,’’ आत्या म्हणाली. पुन्हा तोडली आणि पुन्हा सांधली. तिसऱ्यांदाही तेच. चौथ्यांदा डायरेक्टरने टोपी जमिनीवर आपटली. आत्या घामाघूम झाली होती, पण बोटं काही ऐकेनात. वीस वर्षं तुटली की सांधायची, हेच त्यांनी केलेलं. ती अगदी रडवेली होऊन म्हणाली, ‘‘तुटली त कोणी तशीच ठेवते काय, साहेब?’’

ऊन उतरलं होतं. डायरेक्टरने आभाळाकडे पाहिलं, टोपी उचलून झटकली आणि म्हणाला, ‘‘जाने दो. जो मिला, वही ठीक.’’ हिरोईन आत्याचा हात हातात घेऊन बघत बसली होती, विंचवावरून बोट फिरवत. त्या दोघी काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही.

गावाला कळलं नाही असं होईल का? संध्याकाळपर्यंत पाणवठ्यावर सगळ्यांना माहीत. पण गुरुजींना सांगायला जाणार कोण? एवढं मोठं गाव, कोणी चकार शब्द काढला नाही. आत्या बाबांसमोर जेवायला वाढताना डावा हात पदराखाली ठेवायला लागली. एकदा बाबांनी विचारलं, ‘‘हाताले काय झालं?’’ तर म्हणाली, ‘‘काई नाई भाऊ.’’ ते ‘काई नाई’ तिला महिनोन्‌महिने सलत होतं, हे मी रात्री तिच्या कुशीत झोपत असल्यामुळे मला ठाऊक.

पुढच्या वर्षी मार्गशीर्षात सिनेमा वर्ध्याला लागला. केंद्रातल्या बायांनी बैलबंड्या ठरवल्या. बाबांनी परवानगी दिली, कारण वर्ध्याच्या मोठ्या कार्यकर्त्यांचा निरोप होता की सिनेमा शुद्ध आहे, चरख्याचा आहे, दाखवा. आम्ही आनंदाने वेड्या व्हायच्या बाकी! भाकरी, बेसनाचं चून, मिरचीचा ठेचा, लसणाची चटणी अशा शिदोऱ्या बांधल्या. पहाटे बंड्या जुंपल्या, आणि पाहतो तर खादीची टोपी नीट करत बाबा येऊन पहिल्या बंडीत बसले.

‘‘मीही येतो,’’ ते म्हणाले. ‘‘पाहू तरी चरख्याचं काय केलं त्याईनं.’’

आत्याचा चेहरा पिंजलेल्या कापसासारखा झाला. कौतिकाबाईने जिवाचं रान केलं. ‘‘गुरुजी, थंडी लय आहे. गुरुजी, तुमचा खोकला. गुरुजी, त्यात म्हणे नाच आहेत!’’ बाबा म्हणाले, ‘‘डोळे मिटीन.’’ बंड्या निघाल्या. सबंध वाटभर सतरा बाया आणि एक मी, सगळ्या एकाच विचारात. हात दिसले पाहिजेत, आणि हात दिसता कामा नयेत. आत्या एवढंच म्हणाली, ‘‘मी उतरू काय वं?’’ कौतिकाबाई म्हणाली, ‘‘उतरून कुठं जाशीन? तुहे हात त आदीच तिथं पोचले.’’

तीनचा खेळ. दिवे गेले, आणि पडद्यावर नदी आली.

आता कसं सांगू! पहाटेची नदी, त्यातून बैल पोहत चाललेले, फक्त त्यांची शिंगं आणि नाकपुड्यांची वाफ. गाणं नाही, बोलणं नाही. माझ्या अंगावर जो काटा आला तो आज लिहितानाही आला आहे. त्या वेड्या डायरेक्टरला एका गावात सगळा देश दाखवायचा होता. कापूस, विलायती कपड्यांची होळी, तुरुंग, स्वातंत्र्य, धरण, दोन प्रेमकथा, अकरा गाणी आणि एक वाघ. नाकापेक्षा मोती जड! तुरुंगातून सुटलेला म्हातारा रिकाम्या रस्त्यावरून चालत येतो, येतच राहतो, मिनिटभर नुसता येतो. असं कोणी दाखवलं नव्हतं. आणि पुढच्याच क्षणाला तो डायरेक्टर असा काही घसरे की डोक्यावर हात मारावा. वाघाशी कुस्ती चालू असताना वाघाच्या पोटाची शिवण दिसली. मेलेला सावकार पुढच्या प्रसंगात होळी खेळताना दिसला.

पण कळस केला पऱ्हाटीने. आमच्याकडे पऱ्हाटी कमरेएवढी होते. सिनेमात हिरो पऱ्हाटीच्या फांदीला झोका बांधतो! कोणत्या तरी झाडाला कापसाची बोंडं बांधून पांढरं केलेलं, आणि त्याखाली हिरोईन झोके घेते आहे. वर्धा जिल्ह्यात हे दाखवायचं म्हणजे कमाल! टॉकीज असं हसलं की मागच्या कारखान्याचं इंजिन ऐकू येईना. ‘‘बियाणं कुठलं हो?’’ कोणीतरी ओरडलं.

मग चरख्याचं गाणं आलं. ते आत्या बागेत शिरायच्या आधीच उरकलेलं असावं, कारण हिरोईन पहिल्यापासून शेवटपर्यंत चाक उलटं फिरवत होती. कातणाऱ्यांनी भरलेलं टॉकीज ते! डावीकडून, उजवीकडून आरोळ्या. ‘‘उलटं! उलटं!’’ ‘‘बाई, पेळू त घे हातात!’’ आणि त्या सगळ्या गदारोळात पुरुषांच्या बाजूने एक ओळखीचा आवाज आला, ‘‘पीळ जाते नं असानं!’’ माझे बाबा! डोळे मिटून बसणार होते ते! मी आत्याकडे पाहिलं तर तीही तोंडात पदर कोंबून हसत होती. घटकाभर आम्ही भीती विसरून गेलो.

मग पूर आला. धरणाच्या कामावर हिरो वाहून गेला. आणि पडद्यावर, भिंतीएवढे, आत्याचे हात.

हसणं जागच्या जागी थांबलं. काय सांगू कसे दिसत होते! सावळे, शिरा उठलेले, विंचू, तीन ठिपके. आतापर्यंत गोरेपान असलेले हिरोईनचे हात एकाएकी हे असे कसे झाले, असा प्रश्न मुंबई-पुण्याच्या लोकांनी विचारला असेल. पुढे एका वर्तमानपत्रात वाचलंही मी, की हा अक्षम्य निष्काळजीपणा आहे. असेल. पण त्या दिवशी वर्ध्याच्या टॉकीजमध्ये एकानेही तो विचारला नाही, कारण साडेतीन तासांत पहिल्यांदाच पडद्यावर कोणीतरी सूत कातत होतं. तार निघत होती, सारखी, शांत. कौतिकाबाईला राहवलं नाही. ‘‘सुभद्राबाई!’’ असा तिने टाहो फोडला आणि लगेच स्वतःचंच तोंड दाबलं. उशीर झाला होता.

तार तुटली. वाद्यांचा केवढा तरी कल्लोळ झाला. संगीताच्या मते जग संपलं होतं. आणि हातांनी टोक उचललं, सांधलं, आणि कातायला लागले. बाजा रडतो आहे आणि हात कामाला लागले आहेत, असा तो विचित्र प्रकार. हत्ती गेला आणि शेपटाशी अडलं, असं त्या डायरेक्टरला मित्रांनी म्हटलं असेल. मला विचाराल तर सगळ्या सिनेमात खरं काही असेल तर ते एवढंच, आणि ते त्याला नको असताना मिळालं होतं. पण सिनेमा कापून जोडायच्या वेळी तो ते काढून टाकू शकला असता. त्याने ठेवलं. मी आजही त्या माणसाच्या बाजूने भांडते ते त्यासाठी.

दिवे लागले. परतताना बाबा बंडीत बसलेच नाहीत, पुढे एकटे चालत राहिले. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर ते म्हणाले, ‘‘केंद्राच्या नियमाबद्दल रविवारच्या सभेत बोलू,’’ आणि चरख्यावर बसले. आत्याने त्या आठवड्यात स्वतःचा चरखा तीनदा पुसला. नव्या बायांना शिकवायचं राहिलेलं ती घाईघाईने शिकवत होती, हाताला लागेल ते दुसऱ्यांच्या हवाली करत होती. भाकरी थापताना एकदा मला म्हणाली, ‘‘भाऊ नियम मोडणार नाई. मोडू पण नाई त्यानं.’’ तिच्या आवाजात तक्रार नव्हती, त्याचीच मला चीड आली. मी बाबांशी बोलणं सोडलं.

गुरुवारी सकाळी बाबा म्हणाले, ‘‘पोरी, चपला घाल.’’

देवळीहून मोटारीने आम्ही वर्ध्याला गेलो. कुठे, का, काही सांगितलं नाही. उतरून सरळ टॉकीज! बाबा सगळ्यात पुढच्या बाकावर जाऊन बसले, पडद्याच्या अगदी पुढ्यात, जिथे मान मोडते आणि माणसं डोंगराएवढी दिसतात. पडद्याच्या कापडाचा धुळकट वास येत होता. वाघ आला, झोका आला, उलटा चरखा आला. बाबा हसले नाहीत. चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला. पूर आला, तसे ते पुढे सरकले. आणि हात आले तेव्हा ते उठून उभेच राहिले.

‘‘ओ टोपीवाले! खाली बसा!’’ मागून ओरडा सुरू झाला. बाबांना काही ऐकू येत नव्हतं. तार तुटली, तसं त्यांनी पडद्याच्या आणखी जवळ जाऊन मान वर केली. आत्याच्या बोटांचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडला होता. ते हात पडद्यावरून जाईपर्यंत माझे बाबा, ज्यांनी जन्मात दुसऱ्याची वाट अडवली नाही, ते शेपाचशे लोकांसमोर तसेच उभे होते. परतीच्या मोटारीत त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘भूक लागली काय तुले?’’ मी बोलले त्यांच्याशी. ‘हो’ म्हटलं मी.

रविवारी केंद्रात पाय ठेवायला जागा नव्हती. आत्या आपला चरखा मिटून, पुढ्यात ठेवून बसली होती, घरी न्यायला तयार. बाबा उभे राहिले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त हळू.

‘‘नियम मी केलता,’’ ते म्हणाले. ‘‘सुभद्रानं तो मोडला, अन् महिनोन्‌महिने मले सांगतलं नाई. हे तिचं चुकलं.’’

आत्याने चरखा उचलायला हात घातला, तसे बाबा पुढे म्हणाले,

‘‘माहं काय चुकलं ते सांगतो. चरख्याचा तमाशा होईन म्हणून मी तुमाले कोंडलं. तमाशा झालाच. उलटं चाक साऱ्या देशानं पाह्यलं. तुमच्यातली एक जरी पहिल्यापासून तिथं असती, त नसता झाला. म्हून तो नियम आजपासून नाई. अन् चुकीच्या नियमाची शिक्षा नियम करणाऱ्याले. महिनाभर केंद्र सुभद्रा पाहीन. मी शिकणाऱ्यांत बसन.’’

कौतिकाबाईने हुंदका दिला, तो सगळ्या गावाला ऐकू गेला असेल. बाबांनी आपला चरखा उचलला आणि खरंच, नव्या बायांच्या ओळीत, आत्याच्या समोर येऊन मांडी घालून बसले. आत्या वर पाहायला तयार नव्हती. त्या दोघांमध्ये दोन चरखे आणि हातभर जमीन.

‘‘दोनदा पाह्यला म्या सिनेमा,’’ बाबा म्हणाले. आता ते फक्त तिच्याशी बोलत होते. ‘‘दुसऱ्या खेपेले पुढं बसून पाह्यलं, उभं राहून पाह्यलं. एवढा मोठा पडदा, बोटाएवढी जाड तार दिसत होती. तुटली ते दिसलं. पण सांधा कुठं आहे, ते मले सापडलं नाई. तीस वर्षं सूत काततो मी, सुभद्रे. मले असा येत नाई. दाखव.’’

आत्याने डोळे पुसले. पदराखालचा डावा हात बाहेर काढला, पेळू घेतला, चाक फिरवलं, हातभर तार काढली, आणि टचकन तोडली.

‘‘तितून नाई दिसणार, भाऊ,’’ ती म्हणाली. ‘‘जवळ सरका.’’